हा अंगठा माझा नाही

१२ जून १९९२, शुक्रवार

सात बायका आल्या. सात! आमचे सरपंच तोताराम नाना छातीवर हात ठेवून सांगत होते की एकही येणार नाही. "बाया काय शिकतीन? निंदणी कोन करी मंग?" सात बायका आणि त्यांच्या मागोमाग अकरा पोरं. शाळेच्या ओसरीत कंदील टांगला तर पोरंच पुढं बसली आणि आया मागं, भिंतीला टेकून, पदर दातात धरून.

मी दहावी पास. माहेर मेहरूणचं. लग्न होऊन ह्या गावात आले त्याला दहा वर्षं झाली. इथून धरणगाव अडीच कोस. दहा वर्षांत दहावीचा उपयोग एवढाच झाला की वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचायचा. आता जिल्ह्यात साक्षरतेचं काम निघालंय, गावोगाव शिकवायला माणसं हवीत. मी नाव दिलं. घरी विचारलं नाही — सांगितलं!

रतिलालनी ऐकलं आणि टोपी घालून पंचायतीत गेले. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेता येत नाही. वहीत घेणार. वहीला कसला विटाळ!) ते ग्रामपंचायतीत शिपाई, नानांच्या शब्दाबाहेर नाहीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आते चुल्हावर पुस्तक शिजाडशी का व?"

शिजवीन. वेळ आली तर.

१५ जून, सोमवार

पुस्तकं आलेली नाहीत. पाट्या आल्या, त्याही कमी. बरंच झालं. आता एका घरात एक पाटी — आईची आणि लेकराची मिळून. एकानं काढायचं, दुसऱ्यानं पुसायच्या आधी वाचायचं. पोरं तर अशी खूश! आईला चूक काढून दाखवायची मुभा कधी मिळते त्यांना?

विचारलं, पहिला शब्द कोणता लिहू? मग ताईबाई बोलली. ही झुलालची बायको, माझ्याच वयाची, कडेवर दीड वर्षाचा पोरगा.

"पानी लिख. रोज आठ हंडा वाहस, ते दिसस तरी कसं ते देखू."

माझी बेबा, नऊ वर्षांची, चौथीत. लगेच ओरडली, "पानी नाही काकू, पाणी! बाणाचा ण!"

"तुना बाणना ण तुले ऱ्हाऊ दे. माले पानी लिखी दे."

फळ्यावर पाणी, तोंडात पानी. दोन्ही चालतील. तहान एकच.

२३ जून, मंगळवार

नर्सबाई सायकलवर आल्या. यशोदाबाई, मूळच्या धुळ्याच्या, उपकेंद्रात नव्यानं बदलून आल्यात. म्हणाल्या, "मला एकेका बाईला शेतात जाऊन गाठावं लागतं. तुझ्याकडं आयत्या बसलेल्या सापडतात." ठरलं. दर मंगळवारी अर्धा तास त्यांचा.

त्यांनी विचारलं, पोराला जुलाब लागले की काय करता?

सगळ्या एका सुरात — "पानी बंद करतस!" वरून गेलंच नाही तर खालून कुठनं येणार, असा हिशोब. अंगावरचं दूधसुद्धा बंद.

यशोदाबाई चिडल्या नाहीत. फुटका डबा मागवला. त्यात पाणी ओतलं, खालून धार लागली. "आता मी वरून ओतणं बंद करते. काय होईल?" पुढं बसलेली पोरंच ओरडली, "रिकामा होईल!" बाई म्हणाल्या, "मग तुमचं लेकरू काय वेगळं आहे?"

भिंतीला टेकलेल्या आया सरकून पुढं आल्या.

एक पेला उकळून गार केलेलं पाणी. एक चमचा साखर. चिमूटभर मीठ. आधी आपण चाखायचं — आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं, नवं करायचं. चमच्या चमच्यानं पाजत राहायचं. अंगावरचं दूधही चालू ठेवायचं. आणि डोळे खोल गेले, पोर मलूल झालं, तर थांबायचं नाही, धरणगाव गाठायचं.

फळ्यावर तीन शब्द लिहिले. पाणी, साखर, मीठ. प्रत्येक पाटीवर उतरले. एका संध्याकाळी तीन शब्द आणि एक औषध! मला शाळेत असं कधी कोणी शिकवलं नाही.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. "आम्ही काय पोरे वाढाई नही का?" म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. म्हातारी कशानं कधी बिनसेल, नेम नाही.

५ जुलै, रविवार

रतिलाल दुपारी ओट्यावर रजिस्टर घेऊन बसले होते. विहिरीत जंतू मारायची पांढरी पावडर रोज टाकायची असते, त्याचं रजिस्टर. तारीख, किती टाकली, किती वाजता, आणि गावातल्या दोघा साक्षीदारांची सही नाहीतर अंगठा. मी चहा ठेवला तेव्हा पान कोरं होतं. चहा उकळेपर्यंत आख्खा आठवडा भरून झाला.

"रोज टाकली का?" मी विचारलं.

"पावडरच येस नही, ते काय माटी टाकू? नाना म्हने, भरी ठेव."

पावडर एरंडोलहून आणायची असते. आणायला कोणी जात नाही. पण स्वच्छ गावाला बक्षीस आहे म्हणे, आणि ते नानांना हवंय. तपासणीवाले रजिस्टर बघतात, विहिरीत कोण वाकून बघणार!

मी चहा दिला. पुढं काही बोलले नाही.

इथं तरी खरं लिहिते. बोलायला हवं होतं. बोलले नाही.

२० जुलै, सोमवार

आज ताईबाईनं सही केली!!

हजेरीच्या कागदावर मी शाईचं पॅड पुढं सरकवलं तर तिनं ते मागं ढकललं. पेन मागितलं. घाम फुटला होता तिला. निंदणी करून हात असे की पेन बोटांत दिसेना. ता — ई — बा — ई. शेवटची वेलांटी कागदाबाहेर गेली, सतरंजीवर. कोणी हसलं नाही. मग आणखी तिघींनी केली. पोरं आयांचे हात धरून बघत होती.

ताईबाई म्हणाली, "आते मना अंगठा फक्त कुकू लावाले."

पॅड बेबाला खेळायला देऊन टाकलं. माझ्या वर्गात अंगठा बंद.

२८ जुलै, मंगळवार

यशोदाबाईंनी सगळ्यांना लसीची कार्डं घरून आणायला सांगितली. एक बाई वाचता वाचता थांबली. तिच्या पोरीच्या कार्डावर शेजारणीच्या पोराचं नाव! वर्षभर कार्ड पेटीत होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही लेकरांची एकेक लस चुकली होती. आज टोचली. पोरं रडली, आम्ही हसत होतो.

९ ऑगस्ट, रविवार

घरोघर कानबाई बसल्या, श्रावणातला देवीचा सण. वर्ग नाही. रोट, खीर, पाहुणे. विहिरीवर दिवसभर रहाट थांबला नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

गावात जुलाब लागलेत. कालपासून सहा घरं. आज अकरा. पाव्हण्याराव्हण्यांत काही खाल्लं असेल, म्हणतात सगळे.

मी विहिरीकडं पाहते आणि मान फिरवते.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

ताईबाईच्या पोराला लागले. सकाळी पाच, दुपारपर्यंत मोजणं सुटलं. मी गेले तर ती दारात पेला घेऊन उभी, आणि तिची सासू वाटेत आडवी.

"पानी देशी ते पोऱ्या हातमाईन जाई!"

झुलाल खाटेवर डोकं धरून बसलेला. त्याच्या मनानं आईचं खरं की बायकोचं, ते ठरेना. ताईबाईच्या एका हातात पेला, दुसऱ्यात पाटी. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. पाटी सासूच्या तोंडासमोर धरली.

"हाई देखा. पानी, साखर, मीठ. मी लिखेल शे, मना हातथून. आते तुम्हीन हात लावा, माले ढकला, काय करनं ते करा. मी पाजसू."

आणि बसली मांडी घालून. तिची मोठी पोर पाटीवर चमचे मोजत रेघा मारत होती. पाजलं की ओकायचा. थोडं थांबायची, परत पाजायची. मी चुलीवर पाणी उकळत राहिले. यशोदाबाई येऊन बघून गेल्या, "सोडू नकोस" एवढंच म्हणाल्या. त्यांना अजून दहा घरं होती.

दिवेलागणीला पोरगा मुतला. ताईबाईच्या लुगड्यावरच. ती अशी ओरडली की शेजारची माणसं वाईट बातमी समजून धावत आली. "मुतना! मुतना!" सासूनं भिंतीला पाठ लावली आणि मट्टकन खाली बसली.

१६ ऑगस्ट, रविवार

पलीकडच्या आळीतल्या धुरपदाबाईंचा नातू निंबा गेला. सव्वा वर्षाचा.

त्याची आई वर्गात येत नव्हती. धुरपदाबाई येऊ देत नव्हत्या. दोन दिवस पाणी तोडलं होतं. पितांबर, त्याचा बाप, आज सकाळी जीप घेऊन आला, तोवर पोराचे डोळे वर गेलेले. धरणगावच्या अलीकडेच गेला.

मी अंगण ओलांडून आत गेले नाही. त्या घरात कोणाला माहीत नाही की मला काय माहीत आहे.

१८ ऑगस्ट, मंगळवार

यशोदाबाईंनी विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पावडर असली तर पाणी पिवळं होतं. आम्ही साऱ्या वाकून बघत होतो. पिवळं झालं नाही. परत पाणी काढलं, परत थेंब. काही नाही.

पंचायतीत विचारायला गेल्या तर नानांनी रजिस्टर पुढं केलं. "बाई, आमनी पावडर रोज पडस. सह्या-अंगठा बठ्ठं शे."

यशोदाबाई मला म्हणाल्या, "मी वर कळवतेय. माझी बदली करतील. करू देत. पण मी तुझ्या गावची नाही, पुष्पा. बोलायला गावातलं कोणी लागेल."

१९ ऑगस्ट, बुधवार

रतिलालना सांगितलं — तुम्ही स्वतः जाऊन सांगा, पावडर टाकली नव्हती. मी सोबत येते.

त्यांनी आधी भाकरी मोडली, मग ताट सरकवलं. "नोकरी जाई. नाना गावमा ऱ्हाऊ देई का?"

मी म्हणाले, निंबा राहिला का गावात?

त्यांनी हात उचलला. मारलं नाही. उचललेला हात तसाच राहिला, मग खाली आला, आणि ते बाहेर गेले. आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मना पोऱ्याले फाशी देशी का आते?"

बेबा पाटी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ऐकू दे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेच्या ओसरीला बांबूचं दार लावून कुलूप! नानांचा निरोप — साथ आहे, गर्दी नको, वर्ग बंद.

साथ आहे म्हणून तर वर्ग हवा!

२२ ऑगस्ट, शनिवार

विहिरीजवळच्या चिंचेखाली भरवला. चौदा बायका आल्या. सात होत्या, चौदा झाल्या! कुलूप लावलं नसतं तर झाल्या नसत्या. फळा नाही. विहिरीच्या कठड्यावर खडूनं लिहिलं, पाणी उकळून प्या. आणायला येईल त्यानं वाचावं, नाही आलं वाचता तर शेजारणीला विचारावं. नानांचा माणूस दोनदा पुसून गेला. आम्ही तीनदा लिहिलं.

पुसणाऱ्यालाही पाठ झालं असेल.

२५ ऑगस्ट, मंगळवार

सगळं लिहून काढते, क्रमानं. विसरायचं नाही.

एरंडोलहून साहेब आले चौकशीला. पंचायतीच्या ओट्यावर टेबल, टेबलावर रजिस्टर. एका बाजूला नाना, दारात रतिलाल, टोपी हातात. आम्ही चौदा जणी गेलो. पोरंही. नाना म्हणाले, "बायासनं काय काम आठे?"

मी म्हणाले, "आमचा वर्ग आहे, नाना. ओसरीला तुमचं कुलूप. आज वाचनाचा धडा इथंच."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बसा" म्हणाले. पानं उलटली. "रजिस्टर तर पूर्ण दिसतंय. रोजची नोंद आहे, साक्षीदार आहेत."

ताईबाई उठली. पोरगा कडेवर, हडकुळा, पण जिवंत. टेबलापाशी गेली आणि रजिस्टरवर बोट ठेवलं. कोणाच्या ध्यानात यायच्या आत वाचायला लागली.

"ता — ई — बा — ई. साहेब, हाई ते मनं नाव शे."

"हो. साक्षीदार म्हणून. शेजारी तुमचा अंगठा आहे."

"हाऊ अंगठा मना नही."

नाना हसले. "अंगठावर काय नाव लिखेल ऱ्हास का?"

"तारीख काय शे? बेबा, वाच."

माझी पोर पुढं झाली. खणखणीत आवाजात — "सात ऑगस्ट एकोणीसशे ब्याण्णव."

ताईबाई म्हणाली, "वीस जुलैपसून मी कोठेच अंगठा देस नही. मी सही करस." आणि साहेबांच्या हातातलं पेन घेतलं. मागितलं नाही, घेतलं! रजिस्टरच्या कडेला सही केली. ह्या वेळी वेलांटी कागदात बसली.

मग सगळ्याच उठल्या. प्रत्येकीला आपापलं नाव सापडत गेलं. हे माझं, हे तुझं. बाराव्या पानावर एका म्हाताऱ्या आजीचं नाव निघालं. ती वारून दोन वर्षं झाली. तिनंसुद्धा जुलैत पावडर टाकताना पाहिलं होतं! नाव वाचणारी बाई आधी हसली आणि मग तिला रडू फुटलं.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी भरलं?"

नाना एका दमात — "शिपाईनी. आम्हले काय माहीत? आम्हीन इस्वास ठेवा."

रतिलालनी मान वर केली नाही. नाना आपल्याला तोंडघशी पाडतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. दोन महिने ज्याच्यासाठी खोटं लिहिलं त्यानं एका वाक्यात सोडलं. मी त्यांचं तोंड पाहिलं. पण पाय पुढं निघाले होते.

मी म्हणाले, "अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. सांगणं नानांचं होतं. पावडर आणायला कोणी गेलंच नाही. आणि मला हे पाच जुलैपासून माहीत होतं. मी गप्प बसले. तेही लिहा."

पितांबर मागं उभा होता, भिंतीजवळ. तो माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेला नजर देणं हे आजच्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम.

साहेब म्हणाले, "लेखी द्याल?"

"द्या कागद."

तिथंच दिलं. खाली सही — पुष्पा रतिलाल. चार माणसांत त्यांचं नाव पहिल्यांदा लिहिलं, तेही असं.

२६ ऑगस्ट, बुधवार

रतिलालना कामावरून थांबवलंय. नानांची चौकशी होणार, म्हणतात. रतिलाल पहाटेच निघून गेले — दीपनगरला, बहिणीकडं. पिशवी भरली ती मी बघत होते. "जेवून जा," मी म्हणाले. गेले नाहीत जेवून.

आत्याबाईंनी बोलणं टाकलं. माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बैल मीच धुतले, मीच रंगवले. लोक बघत होते. बघा.

३० ऑगस्ट, रविवार

पावडर आली. दोन पोती. यशोदाबाईंनी आज परत नळी काढली. पिवळं! पोरं नाचली विहिरीभोवती. मला मात्र पिवळा रंग बघवेना. चार आणेभर पिवळेपणा तो. दोन महिने आधी आला असता तर?

गावात नाव पडलंय — नवऱ्याला घालवणारी. विहिरीवर दोघी तिघी बाजूला सरकतात. वर्गात नऊच उरल्या. ज्या उरल्या त्या उरल्या. आज 'उकळणे' शिकवलं. ळ कोणालाच जमेना. जमेल.

४ सप्टेंबर, शुक्रवार

आज चिंचेखाली धुरपदाबाई आल्या. मी उभीच राहिले. वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटलं.

मागं त्यांची सून होती, पितांबरची बायको. निंबाची आई. धुरपदाबाईंनी तिला दंडाला धरून पुढं केलं.

"हिले शिकाड."

मी म्हणाले, "अक्का, मला माहीत होतं, आणि मी—"

"ऐकं मी. बठ्ठा गावनी ऐकं. तू बोलनी तरी." मग सुनेकडं बघत, "मीबी हिले येऊ देयेल नव्हतं."

त्या बसल्या नाहीत. लांब उभ्या राहिल्या, वर्ग संपेपर्यंत. सुनेनं पाटीवर काही लिहिलं नाही. नुसता हात फिरवत राहिली. मी तिला घाई केली नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

रतिलाल आले! दुपारी, एरंडोलकडच्या गाडीनं. वाळलेत. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, घेतलं. कपाशीकडं बघत होते.

मग म्हणाले, "लिखी दिधं मीबी. काल. नाना काय सांगे, कव्हय सांगे, बठ्ठं."

"कोणी बोलावलं होतं?"

"कोन बलाई? मीच गऊ."

दीपनगरला अठरा दिवस मेहुण्याच्या खोलीत बसून काय विचार केला ते सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. नोकरीचं काय होईल माहीत नाही. बेबा त्यांच्या मांडीत जाऊन बसली. नऊ वर्षांची घोडी! बसू दिलं.

जेवताना एकदम — "तू वहीमा काय लिखस रोज?"

"सगळं."

"मनं नाव लिखस?"

"लिहिते."

भाकरीचा घास तोंडात होता. तो गिळला. "लिख," म्हणाले.

माफ केलं असं नाही. त्यांनी मला नाही, मी त्यांना नाही. पण एका ओट्यावर बसलो.

१७ सप्टेंबर, गुरुवार

ओसरीचं कुलूप निघालं. साहेबांची चिठ्ठी आली म्हणे. नऊच्या सोळा झाल्या. मी मात्र सांगितलं, आठवड्यातले दोन दिवस चिंचेखालीच. विहिरीवर नजर राहते.

निंबाच्या आईनं आज पहिला शब्द लिहिला. कोणता ते मी विचारलं नाही. तिनं लिहिला, बघितला आणि स्वतःच पुसला.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आत्याबाई अजून बोलत नाहीत. मुलगा आला, त्याच्याशी बोलतात. माझ्याशी नाही. सत्तावीस दिवस झाले. मला वाटतं, राग आहे तो मुलाच्या नोकरीचा. असू दे. मी काही माघार घेणार नाही. म्हातारी हट्टी असेल तर मी काय कमी आहे!

२६ सप्टेंबर, शनिवार. सर्वपित्री

पित्तरांचं पान ठेवून झालं. घरात दोघीच होतो. आत्याबाई चुलीकडं बघत बोलल्या, "तुनी ती साखर-मीठनी गोट खरी शे का व?"

"खरी आहे, आत्याबाई."

"मंग मनी तीन लेकरे मीच मारी का? रतिलालना पह्यले. दोन पानी मांगेत. मरेपावत मांगेत. मी नही दिधं. मनी सासू म्हने, देऊ नको."

मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. रतिलालनाही माहीत नाही. मी एवढंच म्हणाले, "तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आत्याबाई." त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

"तू बठ्ठं लिखस ना? आन वही. लिख."

लिहिलं. सुपडू, तीन वर्षं. गिरजा, दीड वर्ष. तिसरी नऊ दिवसांची, बारसं झालंच नव्हतं. मी नावाच्या जागी रेघ ओढायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"रेघ नको वढू. पोर व्हती ती. पोर लिख."

लिहिलं.